ठाण्याच्या टूबीएचकेतला पहिला नाताळ: आधी ती ट्यूबलाइट बंद करा, मग बाकीचं बोलू

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ठाण्यात टूबीएचके, हॉल १६ बाय १०, भिंती बेज, सोफा चॉकलेटी, फॉल्स सीलिंगमध्ये निळी पट्टी पेटते तसले लाइट, हॉलमध्येच आईंचं देवघर. मिसेस वसईच्या कॅथलिक, लग्नाला पाच वर्षं झाली पण नाताळ दरवेळी सासुरवाडीलाच व्हायचा, यंदा पहिल्यांदा तुमच्या घरी, आणि २५ तारखेला दुपारी तिकडचे बारा-चौदा जण जेवायला. मुलगी तीन वर्षांची. पंधरा हजार खर्च करायची तयारी आहे आणि अट एकच, मॉलसारखं दिसायला नको, एलिगंट दिसायला हवं.

मी वसईचीच. बावीस वर्षं इंटिरियरची कामं करतेय आणि डिसेंबर आला की निम्मा महिना लोकांच्या घरच्या नाताळातच जातो, त्यामुळे हे जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

पहिलं काम बिनपैशाचं आहे. आज रात्री आठला हॉलमधली ट्यूबलाइट आणि ती निळी पट्टी बंद करा, बेडरूममधला टेबल लॅम्प आणून सोफ्याच्या कोपऱ्यात ठेवा आणि दहा मिनिटं नुसते बसा. हॉल वेगळा दिसतो की नाही बघा. आपल्याकडे एलिगंट दिसत नाही म्हणून लोक आणखी सामान आणतात, आणि खरा घोटाळा वर छताला असतो. आपली नेहमीची पांढरी ट्यूब ६५०० केल्विनची (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा), म्हणजे निळसर पांढरी, ती चालू असली की खालची वॉर्म व्हाइट माळ मळकट पिवळी दिसते, ट्रीचा हिरवा रंग प्लास्टिकचा आहे हे लांबून कळतं आणि सोनेरी बॉल पितळेसारखे दिसायच्या ऐवजी चॉकलेटच्या कागदासारखे दिसतात. हाच हॉल २७०० केल्विनच्या दिव्यात बघितला की निम्मी सजावट झाल्यासारखीच वाटते. म्हणून पंधरा हजारातली पहिली खरेदी म्हणजे २७०० चे तीन एलईडी बल्ब आणि एखादा साधा उभा लॅम्प, खोक्यावर वॉर्म व्हाइट लिहिलेलं असतं पण केल्विनचा आकडापण बघून घ्या कारण काही कंपन्या ४००० लाही गोड बोलून वॉर्म म्हणतात. उजेड बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीला किंवा त्याच्या खाली हवा. वरून उजेड आला की सगळे दमलेले दिसतात, फोटोतपण.

माळा लोहार चाळीतून आणा, क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूलाच आहे, रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. जितक्या लागतील तितक्या एकाच दुकानातून, एकाच खोक्यातल्या, एकाच वेळी घ्या. दोन माळा आज आणि दोन पुढच्या आठवड्यात घेतल्या तर एक किंचित गुलाबी आणि एक किंचित हिरवट निघते, दुकानात कळत नाही, ट्रीवर चढवल्यावर कळतं आणि मग तीन आठवडे डोळ्यात खुपत राहतं. दुकानदाराला प्रत्येक माळ लावून दाखवायला सांगा, तो कुरकुर करेल, करू द्या.

आणि हे लुकलुकणं. माळेला जो छोटा डबा असतो, बटण दाबलं की आठ प्रकारे नाचणारा, त्यातला शेवटचा प्रकार बहुतेक वेळा स्थिर उजेडाचा असतो, आपल्याला तोच हवाय. पण स्वस्तातल्या डब्यांना स्मरणशक्ती नसते. स्विच बंद करून चालू केला किंवा लाइट गेले-आले की गाडी परत पहिल्या नंबरवर, म्हणजे सगळं एकत्र नाचणार. रोज संध्याकाळी सात वेळा बटण दाबत बसायचं आणि पाहुणे आले असताना नेमकी लाइट जाऊन आली की आपल्या हॉलचा ऑर्केस्ट्रा बार. त्यापेक्षा दुकानात सरळ 'विदाउट कंट्रोलर' मागा, मिळते, थोडी शोधावी लागते.

आता गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा. तुम्ही प्रश्नात ट्रीबद्दल सहा ओळी लिहिल्यात, रीथबद्दल, म्हणजे दाराला लावायच्या पानांच्या गोल चक्राबद्दल, दोन आणि गोठ्याचा उल्लेखच नाही, यावरून कळतं की फोटो बघून ठरवताय. वसईच्या माणसांना घरी बोलावताय ना, मग ऐका, तुमच्या सासूबाई दारातून आत आल्या की आधी गोठा कुठे आहे ते बघणार. ट्री आमच्याकडे पण असतो, आता सगळीकडेच असतो, पण माझ्या लहानपणी आमच्या आळीत ट्री दोन-तीन घरांतच असायचा आणि गोठा मात्र प्रत्येक घरात, मग तो खोक्याचा का असेना. येशूजन्माचा देखावा मांडायची पद्धत संत फ्रान्सिस असिसीकरांनी १२२३ साली इटलीत ग्रेचो गावात केलेल्या देखाव्यापासून रुळली असं सांगतात, म्हणजे आठशे वर्षांच्या वर झाली. त्यामुळे हॉलमधली सगळ्यात चांगली जागा आधी गोठ्याला द्या आणि ट्री उरलेल्या जागेत बसवा. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ घरांत हे उलटं असतं, ट्री मधोमध आणि गोठा टीव्हीखाली सेट-टॉप बॉक्सच्या शेजारी, मग कितीही महागाचं सामान आणा, घर गोंधळलेलंच दिसतं.

तुमच्या घरात जागा कोणती? तुम्ही पाठवलेल्या फोटोत खिडकीच्या डाव्या हाताला जो बुटका शोकेस दिसतोय तो. उंची अडीच फुटांच्या आसपास असावी. त्याच्यावरचं सगळं काढा, सगळं म्हणजे सगळं, ट्रॉफ्या, लाफिंग बुद्धा, चार्जर, मुलीच्या बारशाचा फोटो. रिकामं झालं की तीन फूट बाय सव्वा फूट जागा मिळेल आणि घरगुती गोठ्याला ती भरपूर झाली.

देवघराचं विचारताना तुम्ही जरा अवघडलात असं वाटलं. अवघडू नका, माझी अशी मिश्र घरं खूप झालीत. मी दोनच गोष्टी पाळते. गोठा आणि देवघर एका भिंतीवर शेजारी-शेजारी मांडत नाही, समोरासमोरही नाही, दोघांना आपापला कोपरा असावा म्हणजे कोणाला कोणाकडे पाठ केल्यासारखं वाटत नाही. आणि देवघराला नाताळची माळ गुंडाळत नाही. तिथे रोजची समई आहे, ती राहू द्या, संध्याकाळी एका कोपऱ्यात समई आणि दुसऱ्या कोपऱ्यात गोठ्यातला दिवा, एवढंच इतकं छान दिसतं की मला वेगळं काही सुचवायचंच नाहीये. हं, हे आधी आईंना सांगा, विचारा, शोकेस रिकामा त्यांच्याच हातून करून घ्या. तो लाफिंग बुद्धा त्यांनी कुठून तरी हौसेने आणलेला असणार.

गोठा बनवायचा कसा. रेडिमेड लाकडी मिळतात, वाईट नसतात, पण घरी केलेल्याला तोड नाही आणि मुलीलाही हाताशी काम मिळेल. मागचा डोंगर खाकी कागदाचा, कागद चांगला चुरगळायचा, मोकळा करायचा, परत चुरगळायचा, तीन-चारदा, मग त्यावर पातळ काळा नि मातकट रंग ब्रशने झटकायचा, घड्यांच्या टोकांना रंग कमी लागतो आणि खडक तयार. जुनं गोणपाट असेल तर आणखी चांगलं. छपराला भाताचा पेंढा, तो सासुरवाडीहून मागवा, सासरे खुशीने पाठवतील. आणि आता गंमत. १५ तारखेला सकाळी मूठभर गहू भिजत घाला, रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी मोड दिसले की दोन पसरट ट्रेमध्ये बोटभर माती घालून दाट पसरा आणि वर माती अगदी नावाला. पहिले दोन दिवस झाकून ठेवा, मग उजेडात, पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. २४ पर्यंत चार-पाच बोटं उंच कोवळं हिरवं शेत उभं राहतं. नाचणीचं याहून बारीक आणि नाजूक येतं, गोव्याकडे आणि आमच्याकडेही काही घरांत नाचणीच घालतात, पण पहिल्यांदा करताय तर गहू, तो दगा देत नाही. कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या हिरव्या प्लास्टिकच्या गालिच्यापेक्षा हे शंभर पटीने एलिगंट आहे आणि खर्च शून्य.

मूर्ती एकाच सेटमधल्या घ्या, पाच-सहा इंची. माप जुळलं नाही की सगळी मजा जाते, मी एका घरात गायीपेक्षा मोठी मेंढी बघितली आहे, योसेफाच्या कमरेला लागत होती, घरच्यांना सवय झाली होती, मला हसू आवरेना. चकचकीत रंगाच्या घेऊ नका, मॅट घ्या. दिवा एकच, छपराच्या आत मागच्या बाजूला लपवलेला छोटा पिवळा, म्हणजे उजेड गव्हाणीतून बाहेर येतोय असं वाटतं. गोठ्यावर रंगीत माळ सोडू नका हो प्लीज. बाळ येशूची मूर्ती २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायची नाही, मिस्सेहून, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेहून, आलात की मुलीच्या हातून ठेवून घ्या. आणि बाळ येशूला भेटायला येणारे तीन राजे सुरुवातीला गोठ्यात नसतात, ते लांबून येतायत ना, त्यांना हॉलच्या दुसऱ्या टोकाला पुस्तकांच्या कपाटावर उभं करा आणि रोज थोडं थोडं पुढे सरकवा, ६ जानेवारीला पोचवा. मुलीला दुसरं काही नको होईल.

ट्री. सात फुटी घेऊ नका, दुकानात तुम्हाला तोच गळ्यात मारतील. सात फुटी फुललेल्या ट्रीची खालची रुंदी साडेतीन-चार फूट होते आणि तुमच्या दहा फुटी रुंदीत सोफा, सेंटर टेबल गेल्यावर माणसांना आडवं चालावं लागेल. 'स्लिम' म्हणून येतो तो साडेपाच फुटी घ्या, रुंदी दोन-सव्वादोन फूट, आणि त्याला खालून उंची द्या. उंची देण्यासाठी माझी आवडती वस्तू म्हणजे घंगाळ. आईंकडे किंवा गावी तांब्या-पितळेचं जुनं घंगाळ असेलच, माळ्यावर काळं पडून, ते चिंच-मिठाने घासून काढा (पितांबरी पण चालते), आत तळाला दोन विटा, त्यावर ट्रीचा स्टँड घट्ट बसवा आणि भोवती वाळूच्या पिशव्या दाबा. सहा फुटांच्या आसपास उंची होते, तो बघवत नाही तसला प्लास्टिकचा तीन पायांचा स्टँड झाकला जातो, तीन वर्षांची मुलगी ओढेल तरी ट्री सहज पडत नाही, आणि तुमच्या घरचं काहीतरी नाताळात येतं. बाजारात ट्री स्कर्ट म्हणून लाल मखमलीचा गोल तुकडा मिळतो, तो घेऊन काय करणार, मुंबईच्या धुळीत आठ दिवसांत करडा होतो.

ट्री घेताना उंचीइतकीच 'टिप्स' किती ते विचारा, म्हणजे फांद्यांची टोकं. साडेपाच-सहा फुटीला सहाशेच्या वर असली तर बरा दिसतो, तीनशेवाला बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसतो आणि त्यावर कितीही बॉल लटकवले तरी मधला दांडा दिसत राहतो. आणलात की फांद्या उघडायला तासभर द्या. खरंच तासभर. खालच्या थरापासून वर यायचं, प्रत्येक फांदीची टोकं एक वर, एक डावीकडे, एक उजवीकडे अशी वळवायची, आतल्या टोकांनी दांडा झाकायचा. लोक पाच मिनिटांत छत्री उघडल्यासारखा उघडतात आणि मग म्हणतात ट्री विरळ आहे. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, हाताला ओरखडे येतात.

मग आधी माळा. शंभर दिव्यांच्या तीन-चार पुरे. ट्रीभोवती बाहेरून गोल गोल गुंडाळू नका, साडी गुंडाळल्यासारखं दिसतं, दांड्यापासून फांदीच्या टोकापर्यंत न्यायची, परत दांड्याकडे आणायची, मग पुढची फांदी. आतून उजेड आला की ट्रीला खोली येते. वायर हिरवीच हवी. माळ चढवायच्या आधी लावून बघा आणि चढवताना चालूच ठेवा.

रंगांचं सांगते, इथेच मॉल आणि घर वेगळं होतं. लाल, हिरवा, सोनेरी, चंदेरी, निळा सगळं एकत्र आलं की मॉल. तुमच्या भिंती बेज आणि सोफा चॉकलेटी, म्हणजे घर आधीच उबदार आहे, त्याला गडद हिरवा, मोतिया पांढरा आणि एकच धातू, जुन्या पितळेचा मंद सोनेरी. लाल अजिबात नको असं नाही, पण लाल एकाच जागी येऊ द्या, ती जागा टेबल, त्याबद्दल पुढे. चंदेरी घरात कुठेच नको, घंगाळाशी भांडेल. फूटभर उंचीला साधारण दहा या हिशोबाने ट्रीवर साठेक वस्तू लागतात, त्यात तीन मापं ठेवा, मोठे आठ-दहाच आणि ते आत, दांड्याजवळ, मधले फांदीच्या मधे, बारके टोकाला. निम्मे मॅट, थोडे चकचकीत, चमकीचे अगदी चार-पाच कारण ती चमकी होळीपर्यंत सोफ्यातून निघते. खालच्या दोन फुटांत काचेचं काही नको, तिथे कापडी, लाकडी, लोकरीचं, मुलगी रोज काढणार आणि रोज लावणार, लावू दे.

खरी फांदी आणायचा मोह होईल म्हणून माझी फजिती सांगून ठेवते. धंद्यात नवीन असताना बांद्र्याच्या एका घरी मला वाटलं खऱ्या हिरवाईशिवाय नाताळ कसला, म्हणून नर्सरीवाल्याकडून सुरूच्या मोठ्या फांद्या आणल्या, १७ तारखेला उभ्या केल्या, दिसायला अप्रतिम, बाईंनी शेजारणींना बोलावून दाखवल्या. डिसेंबरची कोरडी हवा, वर फुल्ल पंखा, २२ ला बाईंचा फोन, सोफ्यावर, कार्पेटमध्ये, कुत्र्याच्या अंगावर सगळीकडे सुरूच्या सुया. २३ ला मी स्वतः व्हॅक्युम घेऊन गेले आणि प्लास्टिकचा ट्री उभा करून आले, माझ्या पैशाने. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनातून फांद्या तोडून आणायचा विचार तर मनातसुद्धा आणू नका, ती झाडं वारा आणि वाळू अडवायला लावलेली असतात. खरंच जिवंत झाड हवं असेल तर कुंडीतला अरौकेरिया घ्या, तीन फुटी, थर-थर फांद्यांचा, वर्षभर बाल्कनीत राहतो आणि दरवर्षी आत येतो. त्याच्या फांद्या मऊ असतात, माळ सोसतात, जड बॉल सोसत नाहीत.

ताजी हिरवाई टेबलावर आणि दारावर वापरा, थोडी. दादरच्या फुलबाजारात २३ ला पहाटे जा, सहाच्या आत. निलगिरीची पानं घ्या, ती पाण्याशिवायही आठवडाभर राहतात आणि वाळली तरी रंग राखेसारखा होतो, कुरूप होत नाही. पांढरी शेवंती घ्या, तिचा हंगामच आहे, स्वस्त असते आणि पाणी बदललं तर आठ दिवस हसत राहते. गुलाब नको, २५ ला दुपारी माना टाकतात. पॉइनसेटियाच्या लाल कुंड्या नर्सरीत याच दिवसांत येतात कारण त्याला रात्र मोठी झाल्याशिवाय रंग येत नाही, दोन घ्या, पण त्याचा चीक मुलीच्या हाताला-तोंडाला लागू देऊ नका, टेबलावरच, भिंतीच्या बाजूला, तिच्या हाताच्या वर ठेवा.

दाराचं रीथ सगळेच घेतात आणि सगळ्यांचं फसतं, कारण आपल्याकडे दोन दारं असतात. आतल्या दारावर रीथ लावलं की बाहेरचं सेफ्टी डोअर बंद होताना ते चेपतं, महिनाभरात भाकरी होते. दोन दारांमधलं अंतर आधी मोजा, तीन इंच असेल तर रीथ दोन इंच जाडीचंच हवं. नाहीतर सरळ सेफ्टी डोअरच्या जाळीला बाहेरून बांधा. पॉलिश केलेल्या दाराला खिळा मारू नका आणि चिकटवायचे हुकही नकोत. रुंद सुती रिबीन रीथला बांधून दाराच्या वरच्या कडेवरून पलीकडे न्यायची आणि वरच्या कडेलाच दोन टाचण्या, कोणाला दिसत नाही आणि पॉलिश शाबूत. आत भिंतीवरसुद्धा डबल टेप जपून, डिस्टेंपर असेल तर टेपबरोबर रंगाचा पापुद्रा येतो. दिवाळीचं आंब्याचं तोरण असेल तर काढा, सुकलेलं तोरण आणि ताजं रीथ एका दारावर दोन्ही केविलवाणी दिसतात. आईंना तोरण हवंच असेल तर आंब्याची ताजी पानं आणून नवीन करा, त्यात काही बिघडत नाही, हिरवं ते हिरवंच.

बाल्कनीत चांदणी. दिवाळीच्या आकाशकंदिलाचा हुक आणि वायर तशीच असेल ना, तिथेच चांदणी टांगायची, आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच होतं, कंदील उतरला की महिन्याभराने त्याच वायरवर चांदणी. एकच, मोठी, दोन-अडीच फुटी, बांबूच्या कामट्यांची आणि पांढऱ्या कागदाची. लाल प्लास्टिकची, पोटात सांताक्लॉज छापलेली नको. आत ७ किंवा ९ वॅटचा एलईडी पिवळा बल्ब, जुना ६० चा तापणारा बल्ब लावलात तर कागद करपतो. बाकी बाल्कनीच्या गजांना माळ गुंडाळू नका. एक चांदणी अंधारात जशी दिसते तशी चाळीस दिव्यांच्या मधे दिसत नाही.

आता २५ चं टेबल. चौदा माणसं सहाच्या टेबलावर बसणार नाहीत, म्हणजे बुफे, म्हणजे टेबल भिंतीला लावा. भिंतीला लागलं की एक फायदा होतो, मागच्या बाजूला उंच काही ठेवता येतं आणि कोणाच्या बोलण्याच्या मधे येत नाही. खाली साधी पांढरी सुती चादर, इस्त्री केलेली, पाय झाकतील इतकी लांब. त्यावर लाल. मी सांगते लाल काय, मिसेसच्या आजीचं लुगडं. वसईच्या बहुतेक घरांत आजीचं एखादं लाल चौकडीचं लुगडं पेटीत जपून ठेवलेलं असतं, ते विचारा, कापायचं नाही, पिनाही टोचायच्या नाहीत, लांबीला घड्या घालून फूटभर रुंदीची पट्टी करून मागच्या भिंतीच्या बाजूने पसरायची, जिथे रस्सा सांडणार नाही. मागच्या वर्षी एका घरी मी असंच केलं, चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजीबाई जेवायला आल्या, ताट बाजूला ठेवून आधी ते कापड हाताने चाचपलं आणि म्हणाल्या, हे माझ्या थोरलीच्या लग्नातलं. मग कोणी ट्री बघितलाच नाही त्या दिवशी.

लुगड्यावर निलगिरीची पानं आडवी, मधे पितळेच्या तांब्यात शेवंती, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या. मेणबत्ती लावायची तर पंखा बंद हवा, नाहीतर ज्योत आडवी होते आणि मेण एका बाजूने ओघळून कापडावर येतं. चौदा माणसं आणि स्वयंपाकाची वाफ, पंखा बंद राहणार नाही, म्हणून काचेच्या उंच चिमणीत ठेवा किंवा सरळ बॅटरीच्या घ्या, हल्ली बऱ्या येतात. वाढून घेताना पदर-ओढण्या पुढे येतात, उघडी ज्योत पुढच्या बाजूला कधीच नको. सुगंधी मेणबत्ती जेवणाच्या खोलीत नको, व्हॅनिला आणि मटण एकत्र, कल्पना करा. कुलकुल आणि नेवऱ्या, म्हणजे नाताळचा फराळ, स्टीलच्या डब्यात न ठेवता आईंच्या चिनीमातीच्या बरण्यांत ठेवा, झाकणं उघडी, टेबलाच्या एका टोकाला, सजावट तीच.

दोन-तीन गोष्टी नकोतच. कापसाचा बर्फ नको, वसईत कधी बर्फ पडलाय का, आणि दिव्याजवळ कापूस म्हणजे आगीला आमंत्रण. खिडकीच्या काचेवर स्नो स्प्रे नको, फेब्रुवारीत ब्लेडने खरवडत बसाल. पायऱ्यांवर, पंख्यावर, फ्रीजवर, टीव्हीभोवती झगमग्या झिरमिळ्या नकोत. आणि एक्स्टेंशन बोर्डात दुसरा बोर्ड, त्यात तिसरा असली आगगाडी नको, एलईडीला वीज फार लागत नाही पण स्वस्त अडॅप्टर तापतात, त्यामुळे मिस्सेला निघताना सगळं भिंतीच्या बटणावरून बंद करा. अडॅप्टर पडद्यामागे दडवू नका.

पैशांचं म्हणाल तर साधारण निम्मे ट्री आणि माळांना, पाव हिस्सा गोठ्याच्या मूर्तींना, कारण त्या मुलीच्या मुलांपर्यंत टिकतील, उरलेल्यात बल्ब-लॅम्प, ट्रीवरच्या वस्तू, चांदणी, फुलं. रीथ या वर्षी घरी केलंत तर त्यातूनही वाचतील.

कधी सुरू करायचं हे मिसेसना विचारा, कारण घराघरात वेगळं असतं. चर्चच्या हिशोबाने नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळाचे, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मधे कधीतरी येतो, तो तयारीचा आणि जरा गंभीर काळ, म्हणून जुनी माणसं २४ च्या आत घर फार उजळत नाहीत. मधला मार्ग म्हणजे त्या पहिल्या रविवारी टेबलावर फक्त हिरव्या पानांचं गोल चक्र आणि चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, दर रविवारी एक जास्त पेटवायची, गुलाबी तिसऱ्या रविवारी. १०-१२ तारखेला ट्री नुसत्या दिव्यांचा उभा करा, बॉल नकोत. १५ ला गहू. २० ला डोंगर आणि छप्पर. २३ ला फुलं आणि ट्रीवरचं बाकीचं, २४ ला संध्याकाळी चांदणी. असं टप्प्याटप्प्याने आलं की मुलीला रोज सकाळी उठून काहीतरी नवीन दिसतं आणि तुमचीही कंबर राहते.

उतरवायचं ६ जानेवारीनंतरच्या रविवारी. माळा बोळा करून पिशवीत कोंबू नका, पुठ्ठ्याच्या तुकड्याला दोन्हीकडे खाच पाडून त्यावर गुंडाळा आणि वर पेनने लिहा, ट्री, गोठा, चांदणी. मूर्ती वर्तमानपत्रात नको, शाई लागते, जुन्या मलमलीत. लुगडं एक दिवस सावलीत वाऱ्याला टाकून मगच परत द्या. गव्हाची रोपं तोवर पिवळी पडून आडवी झालेली असतील, ती मातीसकट कुंडीत उलटी करा आणि ट्रे धुऊन घंगाळात ठेवून द्या, दोन्ही एकदमच सापडतील.